गणपतीच्या आत जळमटं काढायची आहेत आणि माझे कोळ्यांचे फोटो अजून धुरकटच येतायत

शिवणवाली

नमस्कार मंडळी,

इथं रोज वाचत असते, लिहायला आज पहिल्यांदा बसलेय. कोळ्यांवर धागा काढतेय म्हणून हसू नका, धागा हा माझा धंदाच आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, पिको-फॉल. मशीन पडवीत खिडकीला लागून आहे. गेल्या मे महिन्यात पुण्याचा पुतण्या आला होता, त्याने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. कॅनन ७००डी, सोबतची १८-५५ लेन्स. म्हणाला, "काकू, फुलांचे काढत जा." काढले. जास्वंद, अबोली, अनंत. महिन्याभरात कंटाळा आला. फुलं काही करत नाहीत हो, नुसती असतात.

मग पाऊस लागला, गिऱ्हाईक कमी झालं, आणि माझ्या समोरच्या खिडकीच्या गजांत एक कोळीण राहायला आली. पोटावर पिवळे-तपकिरी पट्टे. खाली डोकं, वर ढुंगण. आठ पाय दोन-दोन जोडून फुली केलेली आणि फुलीच्या चारही टोकांना जाळ्यात पांढराशुभ्र झिगझॅग. मी बघतच राहिले. मला झिगझॅगसाठी वेगळं मशीन घ्यावं लागलं, ते अजून हप्त्यांवर आहे, आणि ही बया उलटी लटकून, अंधारात, बिनमशीनचा टाका घालते. पुतण्याला फोटो पाठवला तर म्हणाला, ही सिग्नेचर स्पायडर, सही केल्यासारखं दिसतं म्हणून.

त्या दिवसापासून मला नादच लागला. माजघरातल्या कोपऱ्यात ते काडीसारख्या पायांचे असतात ना, फुंकर मारली की अख्खं जाळं गदगदा हलवणारे, ते. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीवर एक बुटका उड्या मारणारा, मान वळवून माझ्याकडे बघतो असं वाटावं इतका धीट. आगरात दोन पोफळींच्या मध्ये एक प्रचंड, पायांसकट माझ्या तळहाताएवढी, काळी आणि पिवळ्या ठिपक्यांची. तिचं जाळं उन्हात पिवळंधमक दिसतं, जरीच्या धाग्यासारखं. बोट लावून पाहिलं तर चांगला ताण आहे त्याला, ब्लाउजच्या दोऱ्याने लाजावं असा. त्या जाळ्यात चांदीच्या मण्यांसारखे बारीक ठिपके फिरत असतात, ते तिची पिल्लं का?

आणि न्हाणीघरात एक चपटी तपकिरी कोळीण, जाळं न विणणारी, पोटाखाली कोटाच्या बटणासारखी पांढरट चकती धरून बसलेली. अंडी असणार. गेल्या मंगळवारी सासूबाई (वय ८१, हात अजून चपळ) खराटा घेऊन तिच्यावर धावल्या. मी मध्ये पडले. घरातलं सगळं सोडून कोळ्यांची बाजू घेते म्हणून जी बोलणी खाल्लीत ती इथं लिहीत नाही.

त्यात परवा ह्यांच्या मानेवर लाल पट्टा उठला, त्यावर फोड, आग आग. आईंनी लगेच निकाल दिला: "कोळी मुतला. आणि आणा ते फोटो काढून!" आता गणपतीला पंधरा दिवस राहिलेत. लांब बांबूला कुंचा बांधून तयार आहे. घरात जळमटं म्हणजे दळिद्र, हे मलाही लहानपणापासून पाठ आहे.

तर विचारायचं ते असं. एक, माझे शंभरातले नव्वद फोटो वाया जातात. जवळ गेलं की धुरकट, फ्लॅश मारला की कोळ्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि मागे काळोख. जाळ्याचा फोटो काढायला गेलं की फोकस मागच्या माडावर. नवीन लेन्सला पैसे नाहीत हे आधीच सांगते. दुसरं, कोळ्यांचा घराला खरंच काही उपयोग असतो की ते आपलं पुस्तकात छापायचं? आईंना सांगायला काहीतरी ठोस पाहिजे. उगाच गोड गोड नको, त्या पकडतात.

---

अडीच बोटं

शिवणवाली ताई, स्वागत. मी कल्याणचा. नोकरी फोर्टात, रविवार झाडीत. बारा वर्षं हेच करतोय आणि शंभरातले नव्वद वाया जातात हे वाचून बरं वाटलं, माझे पंच्याऐंशी जातात.

तुमचं चुकत काहीच नाहीये, लेन्सच तेवढ्या जवळचं बघू शकत नाही. पण तीच लेन्स उलटी लावली की बघते! रिव्हर्स रिंग नावाची एक धातूची चकती मिळते, काही शे रुपयांत. एका बाजूने कॅमेऱ्याला बसते, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या तोंडाचे आटे. लेन्सच्या तोंडावर ५८ लिहिलंय का बघा, बहुतेक तेच असेल, त्या मापाची कॅननसाठीची मागवा.

आता एक युक्ती, जी मला दोन वर्षं कोणी सांगितली नव्हती. लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याचं आणि तिचं बोलणं तुटतं, लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र सताड उघडं राहतं आणि फोकसमध्ये फक्त एक मिशी येते. म्हणून आधी लेन्स सुलटी लावा, कॅमेरा चालू ठेवा, एव्ही मोडवर (यात छिद्र आपण ठरवतो) एफ ११ करा, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. लेन्स काढायच्या बटणाच्या खाली एक बारीक बटण आहे, ते दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढा. छिद्र तेवढ्यावरच अडकून राहतं. मग उलटी लावा. बघायच्या खिडकीत काळोख दिसेल, त्याला इलाज म्हणजे शेजारी एक छोटी विजेरी. अगदीच दिसेना तर एफ ८ वर या.

लेन्स ५५ वर ठेवून सुरुवात करा. उलट्या लेन्सचा कारभारही उलटा असतो, १८ कडे जाल तसा कोळी मोठा होत जातो आणि तुमचे हालही. कोळी लेन्सपासून दोन-अडीच बोटांवर असला की फोकस लागतो. हातांनी फोकस करायचाच नाही. कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास सोडा, आणि अख्ख्या अंगाने तांदळाच्या दाण्याएवढं पुढे-मागे व्हा. डोळे चमकले की दाबा. एकाच वेळी पाच-सहा फोटो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर बाकी पाय धुरकट असले तरी चालतं, पाय स्पष्ट आणि डोळे धुरकट असला फोटो मी कोणाला दाखवत नाही.

मोड एम, म्हणजे सगळं आपण ठरवायचं. शटर सेकंदाच्या २०० व्या भागाचं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) २००. आतल्या फ्लॅशची ताकद मेनूत हाताने ठरवता येते, पाव ठेवून बघा. आणि तो पांढरा डाग! तो फ्लॅश लहान आहे म्हणून येतो. कोळ्याची पाठ तुळतुळीत असते, त्यात फ्लॅशचा बल्बच दिसतो. फ्लॅश आणि कोळी यांच्यामध्ये मोठं पांढरं काहीतरी आलं पाहिजे. मी दुधाच्या कॅनचा तुकडा, थर्माकोल, चहाची गाळणी, सगळं करून झालोय. तुम्हाला तर लॉटरी आहे: जाड तारेची कड वाकवा आणि त्यावर पांढरं अस्तर शिवा, फ्लॅशपासून लेन्सच्या तोंडापर्यंत छपरासारखं उतरतं. एकेरी कापड कमी पडलं तर दुहेरी. त्याशिवाय उलट्या लेन्सची सावलीच कोळ्यावर पडेल, इतके जवळ असता तुम्ही.

जाळ्याचा फोटो म्हणजे वेगळंच काम. त्याला लेन्स सुलटीच ठेवा. सकाळी सातच्या सुमाराला ऊन तिरकं असतं, जाळ्याच्या मागून येईल असे उभे राहा, आणि मागे दोन-तीन हातांवर गडद ब्लाउजपीस कोणाला तरी धरायला लावा. काळ्या कापडावर एकेक धागा मोजता येतो. फोकस मॅन्युअल करा, म्हणजे तो माडावर पळणार नाही. जाळं दिसावं म्हणून त्यावर पावडर किंवा पाणी मारणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. पावडर मारली की चिकटपणा जातो आणि तिला सगळं परत विणावं लागतं. कोळी हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारेही भेटलेत मला. असो.

तुमच्या पोफळीतली ती जायंट वूड स्पायडर, तुम्ही बघताय ती मादी. नर शोधा: त्याच जाळ्यात वरच्या बाजूला, तांबूस, मुंगीपेक्षा जरा मोठा. नवरा आहे हे पटत नाही इतका लहान. चांदीचे मणी तिची पिल्लं नाहीत, ते चोर आहेत. आर्जिरोडिस नावाचे वेगळ्या जातीचे कोळी. तिच्या जाळ्यात फुकट राहतात आणि तिने न खाल्लेले बारीक किडे उचलतात, कधी तिने बांधून ठेवलेलंही पळवतात. ते आलेच पाहिजेत फोटोत.

भिंतीवरच्या धीट गड्याला तुम्ही बरोबर ओळखलंत, तो खरंच बघत असतो. पुढचे दोन मोठे डोळे, बाजूचे आणि मागचे मिळून आठ, जवळजवळ चौफेर नजर. लेन्स समोर आली की बहुतेक वेळा स्वतःच वळून तोंड देतो. त्याचा फोटो वरून काढू नका, भिंतीला गाल लावून समोरून काढा. शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. याच कुळातली एक जात आमच्या ठाणे-कल्याण भागात सापडली आणि २०२१ मध्ये तिला 'इसियस तुकारामी' नाव दिलं गेलं. २६/११ ला कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे, त्यांच्यावरून. माझ्या रोजच्या रस्त्यावरचा कोळी निघाला तो, आणि मी बारा वर्षं फुलपाखरांच्या मागे मुरबाडला जात होतो.

एक राहिलं. कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा त्यात ठेवा. तांदळात नको, कोंडा आत जातो.

---

कोपऱ्यातला माणूस

फोटो छान असतीलच, पण एक विचारू का? कोळी ठेवा म्हणजे झुरळं-डास जातील हे मला पटलेलं नाही. आमच्या जुन्या चाळीत कोळीही होते, डासही होते आणि झुरळं तर संडासाच्या दारात स्वागताला उभी असायची. सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. कोळी उपयोगी असते तर चाळीत एकही डास दिसायला नको होता. सासूबाईंचं बरोबर आहे. सणाला घर झाडायचं म्हणजे झाडायचं.

---

शिवणवाली

कोपऱ्यातला माणूस, तुमचा प्रतिसाद आईंना वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला गणपतीला जेवायला बोलावलंय.

अडीच बोटं दादा, लेन्सवर ५८ आहे. रिंग मागवली. तारेचं तेवढं कळलं नाही, ब्लाउजच्या बाहीसारखं अरुंद होत जायचं का परकरासारखं पसरत?

---

अडीच बोटं

परकरासारखं! फ्लॅशकडे निमुळतं, कोळ्याकडे पसरट. जितकं पसरट तितका उजेड मऊ.

---

पावसाळी ओपीडी

मी त्वचारोगाचा डॉक्टर, सांगलीकडे प्रॅक्टिस. मानेवरच्या पट्ट्याबद्दल लिहितो, कारण जून ते ऑक्टोबर माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी "कोळी मुतला" म्हणून येतंच.

न बघता खात्री देता येत नाही हे आधी. पण रात्री काही नव्हतं, मग एक-दोन दिवसांत रेघेसारखा लाल पट्टा, त्यावर बारीक फोड आणि जळजळ, असं असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो पेडेरस नावाचा किडा. सेंटिमीटरभरसुद्धा नसतो, नारिंगी आणि काळा, लांबट, मोठ्या मुंगीसारखा दिसणारा. आहे भुंग्याच्या कुळातला. पावसाळ्यात ट्यूबलाइटला येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर बसला, आपण झोपेत चिरडून घासला, की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. हात जसा फिरला तशी रेघ. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत असेल तर समोरासमोरच्या दोन्ही कातड्यांवर जोडीने डाग उठतात, ते दिसलं की मी औषधाआधी रुग्णाला त्याच्या पलंगावर दिवा कुठे आहे ते विचारतो.

कोळी काही कोणाच्या अंगावर मुतून फोड आणत नाही. पण किडा चिरडल्यावर नाहीसा होतो आणि सकाळी छताकडे पाहिलं की कोळी दिसतो. त्याच्या नावावर खपतं, इतकंच.

अंगावर असा किडा दिसला तर फुंकर मारून उडवा, मारू नका. चिरडलाच तर साबणपाण्याने लगेच धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्याजवळ सूज असेल किंवा फोड पिकले असतील तर डॉक्टरांना दाखवा. पांढरा लेप, चुना, पेस्ट काही नको.

घरातल्या कोळ्यांबद्दल विचाराल तर विष बहुतेक सगळ्यांनाच असतं, पण ते माशीच्या मापाचं. तुमची न्हाणीघरातली मोठी आहे, हातात दाबून धरली तर चावू शकेल, थोडं दुखेल. दाबून का धरावी हा वेगळा प्रश्न.

---

बांधीवरून

नमस्कार ताई. मी भंडारा जिल्ह्यातला, धानवाला. घरातल्या कोळ्याचं मला काही माहीत नाही, बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या कोळ्याचं सांगतो. कोपऱ्यातल्या दादांनी विचारलं ना की कोळी असून डास का जात नाहीत, त्याचंही उत्तर यात आहे.

आमच्याकडे रोवणी झाल्यावर महिना-दीड महिन्यानं सकाळी सहाला धुऱ्यावर उभं राहिलं की दवानं अख्खी बांधी जाळ्यांनी पांढरी दिसते. लहानपणी वाटायचं हा धानाला लागलेला रोग आहे. माझा बाप त्यावर राख फेकायचा. पुढं शेतीशाळेत कृषी सहायकानं चुडात, म्हणजे धानाच्या झुपक्यात, वाकून बघायला लावलं. बुंध्याजवळ, पाण्याच्या अगदी वर, भुरकट कोळी पळत होते. जाळं नाही, काही नाही, पाण्यावरून सरसर पळतात आणि तुडतुडा दिसला की झडप. त्यातल्या एकीच्या पाठीवर बारीक बारीक पिल्लं लादलेली. पाठ दिसतच नव्हती. त्या दिवसापासून राख बंद झाली.

तपकिरी तुडतुडा म्हणजे आमच्याकडे मावा म्हणतात तो. बुंध्यातला रस पितो, आणि लागला की मधोमध गोल चट्टाच्या चट्टा जळल्यासारखा होतो. चार वर्षांआधी आमच्या शेजारच्या बांधीत थोडा दिसला, तसं त्यानं दुकानदारानं दिलेलं दोन औषधांचं मिश्रण मारलं. आठ दिवसांनी परत. मग परत. दिवाळीच्या आत त्याच्या बांधीत चट्टे पडले. माझ्यात मावा होता, पण चट्टा नाही. मी शहाणा होतो असं नाही, त्या हंगामात माझ्याजवळ फवाऱ्याला पैसेच नव्हते, खरं सांगून राहिलो.

नंतर समजलं ते असं. तुडतुड्याची मादी अंडी घालते पानाच्या आवरणाच्या आत, औषध तिथवर जात नाही. वरचे तुडतुडे मरतात, सोबत कोळी मरतात, ढेकण्यासारखे त्याचे दुसरे वैरी मरतात. आठवड्यानं अंडी फुटतात तर खायला कोणीच नाही. कोळी परत वाढायला वेळ लागतो, तुडतुड्याला लागत नाही. म्हणून आता मी चुडं हलवून मोजतो. तुडतुडे किती, कोळी किती, दोन्ही. कोळी बरे असले तर थांबतो. नाही म्हणजे कधीच फवारत नाही असं नाही, हाताबाहेर जाताना दिसलं की मारतोच. कोळी हा काही देव नाही.

आता दादांचं. कोळी सगळं संपवत नाही. संपवलं तर तोच मरेल उपाशी. तो फक्त वाढू देत नाही. तुमच्या चाळीत कोळी नसते तर किती डास असते ते तुम्ही मोजलं नाही ना?

ताई, एक फोटो पाहिजे. आमच्या भाच्याकडे मोबाइल आहे, रात्री विजेरी कपाळाला लावून बांधीवर गेलो तर चुडात हिरवे-निळे हिरे चमकतात, ते या पळणाऱ्या कोळ्यांचे डोळे. मोबाइलमध्ये येत नाही. तुमच्या आगरात रात्री बघा, विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरून. चमकल्यावर मला सांगा.

---

अडीच बोटं

बांधीवरून, क्या बात है. डोळे चमकतात कारण या लांडगा-कोळ्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, मांजरासारखा. आलेला उजेड आला त्याच दिशेने परत जातो, म्हणून विजेरी डोळ्यांच्या रेषेतच पाहिजे. हातात खाली धरली तर काहीच दिसत नाही.

ताईंना ठोस हवं होतं म्हणून एक आकडा. जगभरचे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज मार्टिन निफेलर आणि क्लाउस बिर्कहोफर या दोघांनी २०१७ मध्ये मांडला. त्यात बहुतेक किडेच. पण आईंसमोर जपून वापरा! त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा जंगलातल्या आणि गवताळ रानातल्या कोळ्यांचा आहे, माजघरातल्यांचा नव्हे. आणि जाळ्यात मधमाशी, फुलपाखरूही अडकतं, कोळी निवडून खात नाही. डेंग्यूचा डास हवा नसेल तर कोळ्याच्या भरवशावर बसू नका, टायरातलं, कुंडीखालचं पाणी ओता.

माजघरातल्या काडीपायवाल्याच्या बाजूने मात्र मी साक्ष देईन. तो डास पकडतो, पायांनी गुंडाळतो, हे मी स्वतः फोटोत पकडलंय. आणि तुमच्या बटणवाल्या बाईची जात झुरळं खाते. रात्री अकरानंतर न्हाणीघरात दिवा लावून बघा, दिवसा ती फक्त राखण करते.

कुंच्याबद्दल माझं घरातलं तडजोडीचं धोरण सांगतो, बायकोने मंजूर केलेलं. धूळ बसून काळवंडलं, लोंबायला लागलं, की ते जळमट. त्यात कोणी राहत नाही, ते काढायचं. ज्यात मालक बसलेला दिसतो ते जाळं. ते दरवाजावर, देवघरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर असेल तर मालकाला कागदावर घेऊन बाहेर, बाकी ठिकाणी राहू द्यायचं. आपण दोन्हीला जळमटंच म्हणतो ही गडबड आहे.

---

शिवणवाली

आठ दिवसांनी लिहितेय. रिंग आली. अस्तराचं छप्पर शिवलं, पांढरं पॉपलीन दुहेरी, कडेला नाडी घातली म्हणजे काढून धुता येईल. पुतण्या व्हिडिओवर बघून म्हणाला, "काकू, कॅमेऱ्याला परकर नेसवलास." नेसवला. पण पाठीवरचा पांढरा डाग गेला!

भिंतीवरच्या धीट गड्याचा समोरून फोटो मिळाला. एकशे बारापैकी तीन. त्याच्या मोठ्या डोळ्यांत माझं छप्पर आणि मागची खिडकी दोन्ही दिसतंय, पांढरं, वाटीच्या आकाराचं. भिंतीला गाल लावून उभी होते तर पोस्टमन येऊन थांबला होता, मला कळलंच नाही. पावती घेऊन गेला बिचारा काही न बोलता.

पोफळीतल्या जाळ्यात नवरा सापडला. आईंना दाखवला. चष्मा लावून बघितला, म्हणाल्या, "हा? शोभतो."

डॉक्टरसाहेब, ह्यांच्या पलंगाच्या बरोबर वर ट्यूबलाइट आहे. परवा रात्री चादरीवर तो नारिंगी-काळा किडा सापडला, तुम्ही सांगितलं तसाच. काचेच्या बरणीत घालून सकाळी आईंना दाखवला. त्या बराच वेळ बरणी फिरवून बघत होत्या. मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरीसुद्धा पावसातच "कोळी मुतायचा", उन्हाळ्यात कधी नाही, आणि कोळी तर बारा महिने असायचे. हे त्यांचं त्यांनीच काढलं, मी काही बोलले नाही. ट्यूब आता पायांकडच्या भिंतीवर घेतलीय.

बांधीवरून भाऊ, आगरात रात्री गेले होते विजेरी कपाळाला बांधून. गडग्याच्या कडेने पंधरा-वीस तरी हिरे चमकले. पहिल्यांदा दवच वाटलं. फोटोत एकच आला, तोही हललेला, पण हिरवा रंग आलाय. पाठवते.

आता कुंचा. काल जळमटं काढली. माजघरातली धुळकट सगळी गेली, मीच काढली. दोन कोपऱ्यांत काडीपायवाले आहेत, ते ठेवलेत, मात्र देवघराच्या बाजूचा तिसरा बाहेर गेला, कागदावरून, पायरीखाली. खिडकीतल्या सहीवालीला हात लावायचा प्रश्नच नव्हता, पण तीच परवाच्या पावसानंतर दिसेनाशी झालीय. जाळं अर्धं उसवलेलं होतं, कालपासून तेही नाही. दुसरी एक लहान आलीय त्याच गजात, तिचा झिगझॅग अजून फुलीसारखा नाही, मध्येच गोल रफू केल्यासारखा आहे. दादा, ही वेगळी जात का?

न्हाणीघरातली तिथंच आहे. आईंनी तिच्या बाजूची भिंत सोडून बाकी तीन भिंती स्वतः खराट्याने घासल्या. आज पहाटे मी आत गेले तर बाहेरून आवाज आला, "बघ गो, बटण आहे का अजून तिच्याकडे?"

बटण नव्हतं. छताच्या वाशाला कणीएवढी पिल्लंच पिल्लं लटकली होती. कॅमेरा घेऊन येईपर्यंत निम्मी कौलांत गेली.

---

अडीच बोटं

वेगळी नाही ताई, तीच जात असणार, वयाने लहान. लहानपणी गोल विणतात, मोठेपणी फुली. त्या पांढऱ्या टाक्याचा तिला नेमका काय फायदा यावर अभ्यासकांची अजून भांडणं चालू आहेत: कोणी म्हणतं किडे ओढायला, कोणी म्हणतं पक्ष्याने जाळ्यातून आरपार उडू नये म्हणून. रोज सकाळी एकाच जागेवरून एक फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. गोलाची फुली कधी होते ते मलाही बघायचंय.

आणि पिल्लांचा असेल तो एक फोटो टाका. हललेला असला तरी.